प्लाझ्मासाठी अर्ज

टीव्ही बदलायचा, हे चष्मेवाल्यांच्या घरात एका मंगळवारी सकाळी ठरलं, आणि तो त्याच आठवड्यात आणायचा, हेही ठरलं. प्रत्यक्षात टीव्ही यायला सात महिने लागले. मधल्या काळात त्यांच्या फ्रिजची सरकारी झडती झाली, ते घरात रक्त साठवतात अशी बातमी इमारतीच्या तिन्ही मजल्यांवर फिरून आली, आणि बावीस वर्षं लोकांचे डोळे तपासणाऱ्या या माणसाला भर दुकानात 'सर, एकदा डोळे दाखवून घ्या' हे वाक्य ऐकून घ्यावं लागलं. यातलं काहीही त्यांनी मुद्दाम केलेलं नव्हतं. ते सरळमार्गी गृहस्थ होते, आणि सरळमार्गी माणसाला वळणं जास्त लागतात ती अशी.

टीव्ही हवा होता आक्कांसाठी. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा चष्मेवाले सात वर्षांचे होते. त्यांना शाळेत घालण्यापासून दुकानातल्या पहिल्या काचेच्या कपाटापर्यंत सगळं आक्कांनी पाहिलं. स्वतःच्या लग्नाचं पाहायचं तेवढं राहून गेलं. आता अडुसष्टाव्या वर्षी त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधलाच भाग झिजत चालला होता. कडेचं दिसायचं, आणि मधोमध एक काळसर डाग.

"तुझ्याकडे बघितलं की मला दोन कान दिसतात," आक्का सांगायच्या, "मधला माणूस गायब."

सगळ्या वस्तीला नंबर काढून देणाऱ्या भावाकडे बहिणीसाठी नंबर नव्हता. तो कुणाकडेच नसतो, हे त्यांना इतर कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी महिनाभर ते रोज रात्री जेवण झाल्यावर तिच्या नाकावर ट्रायल फ्रेम चढवायचे आणि भिंगं बदलत राहायचे. शेवटी आक्काच म्हणाल्या, "अरे, नाक दुखतं आता."

डॉक्टर स्पष्टवक्ते होते. "टीव्हीची हौस आहे म्हणता ना? मग मोठा पडदा घ्या, आणि त्यांना तिरकं बघायची सवय करू द्या. सरळ बघितलं की सगळं डागात जाणार. तोंड बाजूला केलं की डोळ्याच्या कडेने दिसेल. घ्यायचा असेल तर लवकर घ्या. हे दुखणं थांबणारं नाही."

घरातला टीव्ही म्हणजे वीस इंची डबा होता. बातम्या देणारी बाई आख्खीच्या आख्खी आक्कांच्या डागात मावायची आणि कडेला नुसती फुलदाणी उरायची. म्हणून मंगळवारी ठरलं, आणि शनिवारी चष्मेवाले दुकान अर्धा दिवस बंद ठेवून टीव्हीच्या मोठ्या दुकानात गेले.

इथे त्यांच्या धंद्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. चष्मेवाल्यांचा दिवस एकाच प्रश्नात जायचा. गिऱ्हाइकासमोर एक भिंग धरायचं, मग दुसरं, आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय, की मघाशी?" बहुतेक लोक उत्तर देतात. काही मात्र 'पुन्हा दाखवा' म्हणतात, मग 'पहिलंच बरं होतं वाटतं' म्हणतात, मग 'दोन्ही सारखीच आहेत का हो?' म्हणतात. अशा गिऱ्हाइकांबद्दल चष्मेवाल्यांचं मत फार वाईट होतं. ज्याला दोन भिंगांतून एक निवडता येत नाही त्याने मुलीसाठी स्थळ कसं निवडलं असेल, असं ते घरी येऊन बायकोला विचारायचे.

टीव्हीच्या दुकानात विक्रेत्याने त्यांना दोन पडद्यांच्या बरोबर मध्ये उभं केलं. दोन्हींवर तेच चित्र: समुद्राच्या तळाशी फिरणारे मासे.

"डावीकडे प्लाझ्मा, उजवीकडे एलसीडी," विक्रेता म्हणाला. "सांगा सर, हा बरा की तो?"

चष्मेवाल्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. प्लाझ्मावर अंधार खरोखर काळा होता, पण काचेत त्यांचा स्वतःचा चेहरा दिसत होता. एलसीडी लख्ख होता, पण दोन पावलं बाजूला सरकलं की मासे फिके पडत.

"पुन्हा सांगा, प्लाझ्मा कुठला?"

"डावीकडचा."

"आता तो मघाचपेक्षा वेगळा दिसतोय."

"तोच आहे सर."

"मग उजवीकडचाच बरा होता. नाही, थांबा. दोन्ही सारखेच आहेत का हो?"

विक्रेता सभ्य होता. त्याने आवाज खाली आणला आणि आपुलकीने 'डोळे दाखवून घ्या'चं ते वाक्य उच्चारलं. मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकं हसली. त्यातल्या एकाच्या नाकावर चष्मेवाल्यांनीच बनवलेला चष्मा होता.

ते काही न घेता घरी आले.

सोमवारी सकाळी समोरच्या दारातले कॅशियर आले. कॅशियर बँकेत होते, आणि बँकेतल्या माणसाला पैशांतलं कळतं अशी इमारतीची श्रद्धा होती. "घेतला नाहीत ना? देवच पावला!" ते म्हणाले. "भाव उतरतायत. पडता भाव आणि पडता पाऊस, माणसाने आडोशाला थांबावं. आज घेणारा मूर्ख, पुढच्या महिन्यात घेणारा शहाणा."

चष्मेवाले पुढच्या महिन्यापर्यंत थांबले. भाव खरंच उतरला. पण त्या महिन्यालाही पुढचा महिना होताच. शहाणपण तसंच पुढे सरकत राहिलं. कॅशियर रोज पेपरातली जाहिरात कापून दाराच्या फटीतून आत सरकवायचे. वर पेन्सिलीने लिहिलेलं असायचं: 'अजून थांबा.'

दुसरे सल्लागार वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर. त्यांचा कौल प्लाझ्माला होता, पण अटी होत्या. एक म्हणजे, खोलीला पश्चिमेची खिडकी, दुपारभर ऊन प्लाझ्माच्या काचेवर येणार. त्यावर त्यांनी खिडकीचा, पडद्याचा आणि सूर्याचा कोन काढून दिला, आणि निष्कर्ष असा निघाला की खोली थोडी फिरवता आली तर उत्तम. दुसरी अट विजेची. "बेचाळीस इंची प्लाझ्मा वीज पितो. तुमचा मंजूर भार पुरायचा नाही. वायरिंग जळेल. आधी वीज कार्यालयात भार वाढवून घ्या."

अर्जाचा मजकूरही त्यांनीच सांगितला. कारणाच्या रकान्यात चष्मेवाले 'टीव्ही' लिहायला निघाले तेव्हा इंजिनिअरांनी हात धरला. "टीव्ही लिहिलंत की चैनीची वस्तू म्हणून अर्ज तळाशी जाईल. तांत्रिक शब्द लिहा. नुसतं 'प्लाझ्मासाठी' लिहा."

चष्मेवाल्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'निवासी जागेत प्लाझ्मासाठी वाढीव भार मिळणेबाबत.' खाली सही, त्याखाली व्यवसाय: नेत्रतपासणी.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. निवासी जागेत प्लाझ्मा ठेवण्यासाठी सक्षम आरोग्य अधिकाऱ्याचा परवाना जोडलेला नाही, तो पंधरा दिवसांत जोडावा, अन्यथा चालू जोडणीबाबत विचार करावा लागेल. चष्मेवाल्यांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग वाचायचा चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

वीज कार्यालयात खिडकीमागे एक बाई होत्या. त्यांनी फाईल उघडली.

"डोळे तपासता?"

"तपासतो, पण दुकानात. चष्म्याचं दुकान आहे."

"तपासता ना? मग वैद्यकीय. आणि घरी प्लाझ्मा किती ठेवणार?"

"एकच."

"एक काय? लिटर?"

"बेचाळीस इंच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "प्लाझ्मा इंचांत मोजतात?"

"तिरका मोजतात," चष्मेवाले समजावू लागले. "वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत." बोलता बोलता त्यांना बाईंचा चेहरा दिसला आणि एकदम उजेड पडला. "अहो बाई, रक्तातला नव्हे! टीव्ही आहे तो, टीव्ही!"

"मग अर्जात टीव्ही लिहायचं."

"खोडून लिहितो."

"नोंद झालेल्या अर्जात खाडाखोड चालत नाही. आता जागेची तपासणी होईल. तपासणीचा शेरा आला की हा अर्ज बंद होईल. मग नवा अर्ज करा." बाई वाईट नव्हत्या. निघताना त्यांनी विचारलं, "माझ्या डोळ्यांतून सारखं पाणी येतं, ते कशाने?" चष्मेवाल्यांनी उभ्या उभ्या तपासलं आणि रस्त्यावरच्या धुळीने येतं म्हणून सांगितलं. ते बाईंनी फाईलवर टिपून घेतलं की काय, अशी शंका त्यांना नंतर बरेच दिवस येत राहिली.

तपासनीस आला तो दुपारी, जेवणाच्या वेळी. पत्ता त्याने कॅशियरांकडे विचारला होता, आणि विचारताना कामही सांगितलं होतं. त्यामुळे तो जिना चढेपर्यंत बातमी त्याच्या पुढे पोचली होती. कॅशियर त्याच्या मागोमाग आले आणि चष्मेवाल्यांना बाजूला घेऊन कुजबुजले, "मला आधी सांगायचं होतंत. साडूचं ऑपरेशन आहे. बी पॉझिटिव्ह असेल तर एक बाटली बाजूला ठेवा."

"साठवण कुठे आहे?" तपासनिसाने विचारलं.

"साठवण नाहीच," चष्मेवाले म्हणाले. त्यांच्या हाताला आमटी लागलेली होती आणि त्यामुळे त्यांना फार ठामपणे बोलता येत नव्हतं.

तपासनिसाने फ्रिज उघडला. दूध, अर्धी कापलेली काकडी, आणि दाराच्या कप्प्यात तीन छोट्या बाटल्या. त्याने एक उजेडात धरली.

"हे द्रव कसलं?"

"माझ्या डोळ्यांत घालायचं औषध आहे ते," टेबलापाशी बसलेल्या आक्का म्हणाल्या. तपासनिसाने लिहिलं: 'रुग्ण एक, महिला.'

"बसा ना," आक्का म्हणाल्या. "उन्हातून आलात. अगं, यांना पाणी दे. हे बघा, माझ्यासाठी मोठा टीव्ही घ्यायचं चाललंय. त्याला वीज फार लागते असं वरचे म्हणतात. त्यावरून हा सगळा घोळ झाला. माझा भाऊ तसा हुशार आहे, पण सल्ला मागायची सवय आहे त्याला."

तपासनीस पाणी प्यायला. मग त्याने मीटर पाहिला, खोल्या पाहिल्या, आणि विचारलं, "घरात इस्त्री आहे?"

"आहे," चष्मेवाल्यांची बायको म्हणाली.

"चालते?"

"रोज."

"मग टीव्हीला काय धाड भरलीय? इस्त्रीच्या निम्मीसुद्धा वीज लागत नाही त्याला. भार वाढवायची गरजच नाही."

इंजिनिअरांना हे सांगितलं तेव्हा ते जराही हलले नाहीत. "मी सुरक्षिततेसाठी चौपट धरलं होतं," ते म्हणाले.

पण अर्ज बंद झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय टीव्ही आणू नये, असं चष्मेवाल्यांचं मत पडलं. उगाच चालू जोडणीबाबत विचार झाला तर? तो कागद यायला आणखी दोन महिने गेले. तेवढ्यात भाव पुन्हा दोनदा उतरले आणि कॅशियरांनी 'बघा!' एवढंच लिहिलेलं कात्रण आत सरकवलं.

आक्का या काळात वीस इंची डब्यासमोर बसायच्या आणि ऐकायच्या. हल्ली चहा कपात ओतताना बोट आत धरायच्या, कुठवर आला ते कळावं म्हणून. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघणं त्यांनी सोडलं होतं. वेळ विचारायच्या, आणि विचारताना हसायच्या.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चष्मेवाले चौकटींचा एक कागद त्यांच्यासमोर धरायचे. आक्कांनी मधोमध बघायचं, चष्मेवाल्यांनी कडेकडून पेन्सिल आत आणायची, आणि "इथे गेली" म्हटलं की तिथे खूण करायची. खुणा जोडल्या की डागाची आकृती मिळायची. त्यावर तारीख घालून ते कागद फायलीत ठेवायचे. हे काम ते नीट, न बोलता करायचे, आणि फाईल मिटली की पुढच्या महिन्यापर्यंत ती उघडायचे नाहीत.

वीज कार्यालयाचा कागद अखेर आला त्या दिवशी तो ठेवायला त्यांनी कपाट उघडलं, आणि दोन फायली एकदम खाली आल्या. जमिनीवर एका बाजूला कॅशियरांची कात्रणं पसरली, दुसऱ्या बाजूला चौकटींचे कागद. चष्मेवाले गोळा करायला खाली बसले. पहिल्या कागदावर डागाने अकरा चौकटी झाकल्या होत्या. ताज्या कागदावर त्यांनी मोजल्या. चौतीस. त्यांनी पुन्हा मोजल्या, कारण मोजण्यात चूक होऊ शकते. चौतीसच होत्या.

सात महिन्यांत टीव्हीचा भाव एक तृतीयांशाने उतरला होता.

ते बराच वेळ तिथेच जमिनीवर बसून राहिले. बायकोने येऊन पाहिलं, कागद पाहिले, आणि आक्कांच्या चपला दारापाशी आणून ठेवल्या.

"आक्का, चल," चष्मेवाले म्हणाले. "दुकानात जायचंय."

"आत्ता? भाव पडायचे थांबले का?"

"पडू देत."

विक्रेता तोच होता. त्याने चष्मेवाल्यांना ओळखलं आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. त्याने आक्कांना स्टूल दिलं. आक्कांनी पडद्यांकडून तोंड फिरवून भिंतीवरच्या पंख्यांच्या खोक्यांकडे केलं. विक्रेत्याला वाटलं, बाईंना पंखा हवाय.

"हा बघ," चष्मेवाल्यांनी एलसीडीसमोर हात हलवला.

"धुतल्यासारखं दिसतंय. पांढरं पांढरं."

त्यांनी स्टूल सरकवलं. "आणि हा?"

आक्कांनी मान आणखी थोडी वळवली, पुन्हा थोडी परत आणली.

"मासे आहेत रे," त्या म्हणाल्या. "केशरी आहेत."

"किती?"

"मोजायला काय लावतोस? पुष्कळ आहेत."

"हाच द्या," चष्मेवाले विक्रेत्याला म्हणाले.

"सर, प्रामाणिकपणे सांगतो, पुढच्या महिन्यात यावरच..."

"मला सांगू नका," चष्मेवाले इतक्या जोरात म्हणाले की दुकानातले सगळे पडद्यांवरून नजर काढून त्यांच्याकडे बघू लागले.

प्लाझ्मा आडवा धरायचा नाही, उभाच न्यायचा, अशी सूचना होती, आणि जिन्याच्या वळणावर खोकं उभं वळेना. इंजिनिअर वरून कठड्यावर वाकून अंशांत सूचना देत होते. शेवटी कॅशियरांनी चप्पल काढून खालून खांदा लावला आणि, "पुढच्या महिन्यात आणखी उतरणार आहेत, उचला!" म्हणत ते वर चढवलं. उन्हाचा प्रश्न चष्मेवाल्यांच्या बायकोने सोडवला. तिने जुन्या चादरीचा जाड पडदा शिवून खिडकीला लावला. ही युक्ती तिला पहिल्या आठवड्यातच सुचली होती, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

खुर्चीची जागा ठरवायला मात्र एक पूर्ण संध्याकाळ गेली. आक्कांना पडदा डोळ्याच्या कडेने दिसायचा, म्हणून खुर्ची टीव्हीला आडवी पडली. तोंड सोफ्याकडे, टीव्ही उजव्या हाताला. कॅशियर आपला खांदा लागलेला टीव्ही बघायला आले आणि सोफ्यावर बसले. अर्धा तास आक्का त्यांच्याकडे तोंड करून, पापणीही न लववता बसल्या होत्या. मधूनच एकट्याच हसायच्या. कॅशियर आधी सावरून बसले, मग शर्टाची बटणं तपासली, मग उठले. दारात त्यांनी चष्मेवाल्यांना विचारलं, "माझं काही चुकलं का? कात्रणांवरून रागावल्यात का त्या?"

"टीव्ही बघतायत," चष्मेवाले म्हणाले.

तीन आठवड्यांनी भाव पुन्हा उतरला. ती जाहिरात चष्मेवाल्यांनी दुकानात एका गिऱ्हाइकाचा चष्मा गुंडाळायला वापरली. आता कुणी 'पुन्हा दाखवा' म्हटलं, तर ते पुन्हा दाखवायचे.

मग एका रविवारी दुपारी दोघंच घरात होते. बायको माहेरी गेली होती. टीव्हीवर कुठल्याशा बर्फाळ मुलखातले पक्षी चालले होते, आक्का नेहमीसारख्या सोफ्याकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि सोफ्यावर चष्मेवाले पेंगत होते. एकाएकी वीज गेली. पंखा मंद होत थांबला, पडदा काळा झाला.

"खिडकीचा पडदा सरकव जरा," आक्का म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी पडदा सरकवला आणि परत येऊन बसले. ऊन सोफ्यापर्यंत आलं. आक्कांनी तोंड वळवलं आणि बंद टीव्हीकडे केलं.

"आक्का, वीज गेलीय," ते म्हणाले. "तिकडे काही दिसायचं नाही."

"तिकडे कुठे बघतेय? तुला बघतेय."

चष्मेवाल्यांनी बंद पडद्याकडे पाहिलं, मग आक्कांकडे.

"बोलताना तोंड फिरवलं की माणसाला वाईट वाटतं," आक्का म्हणाल्या. "म्हणून बघत नव्हते. पण आज दोघंच आहोत म्हटलं, काय हरकत आहे. वाईट वाटलं का रे?"

"नाही."

"केस किती पांढरे झाले रे तुझे. मला कुणी सांगितलंच नाही."

चष्मेवाल्यांचा हात केसांकडे निघाला होता, तो त्यांनी खाली घेतला. मान सरळ केली, उजेड नीट पडावा म्हणून थोडे पुढे सरकले, आणि फोटोला बसल्यासारखे, अजिबात न हलता बसून राहिले.